वाचल्याची सही

माझ्याकडे पीएचडीला नोंदणी झालेला नवा विद्यार्थी आला की मी त्याला चहा द्यायचे, आणि चहा संपायच्या आत एक जाडजूड फाईल त्याच्या मांडीवर ठेवायचे. फाईलमध्ये ग्रंथालय आणि माहितीशास्त्रातले अठरा लेख. सगळे इंग्रजी, सगळे झेरॉक्स. प्रत्येक लेखाच्या मागच्या पुठ्ठ्यावर मी स्वतःच्या हाताने चिकटवलेलं कागदी पाकीट आणि पाकिटात कार्ड. कार्डावर चार रकाने होते: नाव, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख आणि शेवटी वाचल्याची सही. एका वेळी दोन लेख न्यायचे, महिन्याभरात परत आणायचे. माझी बहीण म्हणायची, तू उद्या जेवणाच्या ताटालाही कार्ड लावशील. ती हे कौतुकाने म्हणत नव्हती, पण मी ते कौतुक म्हणूनच घ्यायचे.

तेहतीस वर्षं मालवणच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून काढल्यावर माणूस असाच होतो. पुस्तक गेलं, पुस्तक आलं, तारखेचा शिक्का बसला, की दिवस सार्थकी लागला. माझा स्वतःचा प्रबंधही त्यावरच उभा होता. जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या देवघेवीच्या वह्या मी गावोगाव फिरून उतरवून घेतल्या होत्या आणि कुठलं पुस्तक किती वेळा गेलं-आलं, यावरून ते किती वाचलं जातं हे ठरवलं होतं. परीक्षकांनी पाठ थोपटली. नंतर मला मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळाली, आणि मी इतरांच्या पाठी थोपटायला, खरं तर पाठीत घालायला, मोकळी झाले.

ती माझी आठवी विद्यार्थिनी. आचऱ्याच्या अलीकडे एका वाडीत एका खोलीचं वाचनालय आहे. ते ती चौदा वर्षं सांभाळत होती. वय अडतीस. शिक्षण सगळं नोकरी आणि संसार सांभाळून, बाहेरून केलेलं. पीएचडीची प्रवेशपरीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाली तेव्हा तिच्या सासूने म्हणे वाडीत साखर वाटली होती. ती मालवणला माझ्याकडे यायची त्या दिवशी ही सासूच वाचनालयात जाऊन बसायची. पहिल्या भेटीत तिने पिशवीतून कोकमाच्या आगळाची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि फाईल घेतली. विषयही मीच दिला. तिच्याच वाचनालयाच्या वह्यांवरून गावातल्या वाचनाचा अभ्यास करायचा. तुला काय करायचं आहे, हे मी विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती माझ्याकडे.

ती म्हणाली, "होय बाई."

पुढचे सात महिने ती "होय बाई"च म्हणत राहिली. लेख मात्र ठरल्या तारखेला परत यायचे. कोपरे दुमडलेले नाहीत, कशाचा डाग नाही, भाजीच्या पिशवीतून आणलेले असूनही घडी मोडलेली नाही. मी तारीख बघायचे, मान हलवायचे, कार्ड पाकिटात सरकवायचे आणि पुढचे दोन लेख द्यायचे. स्टाफरूममध्ये मी तिचं उदाहरण द्यायला लागले होते. एकच गोष्ट होत नव्हती. ती काही लिहून आणत नव्हती. वह्यांमधले आकडे सुबक तक्त्यांत भरून आणायची, पण त्या आकड्यांखाली दोन वाक्यं लिही म्हटलं की खाली बघायची. वर्षअखेरीला विद्यापीठाच्या समितीसमोर तिला उभं राहायचं होतं. तिथे काम पटलं तर नोंदणी कायम, नाही पटलं तर रद्द. मी तिला घाई करत होते, आणि घाई करताना माझा आवाज चढतो हे मला माहीत आहे.

एका सोमवारी ती आली ती लेखांऐवजी एक कागद घेऊन.

"हे काय?"

"नोंदणी रद्द करूचो अर्ज, बाई. तुमची सही व्हयी."

मी वाचला. कारण म्हणून लिहिलं होतं, घरगुती अडचणींमुळे.

"सासू काही बोलली का?"

"नाय बाई. तिका अजून सांगूकच नाय मी. तिका कळला तर ती माकाच घराभायर काढीत."

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. सरकारी मराठीत, कारण रागावले की मला मालवणी सुचत नाही. एक जागा तुझ्यासाठी अडवली, बायका अशाच अर्ध्यावर सोडतात म्हणून नावं ठेवतात, तुझ्या जागी दुसरी कुणी असती तर, वगैरे. सात महिन्यांत तिच्या वाट्याला माझी जेवढी वाक्यं आली नसतील तेवढी त्या दहा मिनिटांत आली. तिने सगळं ऐकून घेतलं. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाई, माझी अक्कल तितकी नाय. बाकीच्यांका सगळा कळता. माका नवव्या लेखात आंब्याची कलमां मधीच कित्याक इली, ताच कळूक नाय."

"आंब्याची?"

"होय. तीनदा वाचलंय, डिक्शनरी घेवन. वर्गीकरणाचा सांगता सांगता एकदम कलम खंयच्या म्हयन्यात बांधूचा, पट्टी किती घट्ट गुंडाळूची. माका वाटला उदाहरण असात. मगे परत वर्गीकरण. मधलो संबंध माका काय केल्या जुळवक जमलो नाय. आमची घरची चाळीस कलमां आसत बाई, तरी नाय जमलो."

मी कपाटातून फाईल काढली आणि नववा लेख उघडला. सहाव्या पानापर्यंत वर्गीकरणच होतं. त्यापुढची चार पानं कुठल्यातरी शेतकी पुस्तिकेतली होती. इंग्रजीच, साधारण तशाच अक्षरातली, पानांचे आकडे झेरॉक्समध्ये कापले गेलेले. कलम बांधणाऱ्या दोन हातांचं एक अंधुक चित्रसुद्धा होतं. अकराव्या पानावर पुन्हा वर्गीकरण. कधीकाळी कुडाळच्या झेरॉक्सवाल्याकडे कुणाच्या तरी पुस्तिकेची चार पानं माझ्या चार पानांच्या जागी लागली होती. मूळ लेख मी विद्यापीठात वाचला होता, त्यामुळे झेरॉक्स परत हातात आल्यावर मी तो वाचला नव्हता. फक्त पानं मोजली होती. पानं बरोबर भरली होती.

मला हसू फुटलं. ते तिच्यावर नव्हतं, पण तिला तसंच वाटलं आणि तिचे डोळे भरून आले. तेव्हा माझं हसू बंद झालं. त्या चार पानांसाठी ही बाई शब्दकोश घेऊन बसली होती, जगातल्या सगळ्या विद्वानांना दिसणारी गोष्ट आपल्यालाच दिसत नाही असं समजत होती, आणि तेवढ्यावरून चौदा वर्षांची हौस मोडायला निघाली होती.

मी कार्ड काढून बघितलं. तिच्याआधी सात जणांनी तो लेख नेला होता, आणि सात जणांच्या वाचल्याच्या सह्या होत्या. एकाने तर सहीखाली रेघही मारली होती. त्यातले तिघे आज नावामागे डॉक्टर लावतात. एकानेही मला कधी आंब्याबद्दल विचारलं नव्हतं. त्या सात सह्या मी रागारागाने पुन्हा पुन्हा मोजल्या आणि कार्ड पाकिटात कोंबलं. अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हटलं, "सही नाही करणार. उद्या तुझ्या वाचनालयात येते."

एसटीने जेमतेम तासाभराचा रस्ता आहे. सात महिन्यांत मी तो एकदाही केला नव्हता.

वाचनालय म्हणजे शाळेला लागून असलेली खोली, तीन लोखंडी कपाटं, एक लांब टेबल आणि खाडीकडे उघडणारी खिडकी. टेबलाशी सासू बसली होती, सून मला घ्यायला दाराशी आली होती. मला बघून उठली नाही, कारण समोर एक वाचक होता आणि ती त्याचं पुस्तक परत घेत होती. तिची पद्धत मी बघत राहिले. तिला अक्षरओळख बेताची. पुस्तक हातात घेऊन ती म्हणाली, "काय होता ह्याच्यात? सांग, मगे घेतंय." तो गृहस्थ उभ्या उभ्या गोष्ट सांगायला लागला, शेवट जरा गाळून. "आणि ती बाय मगे खंय गेली?" तिने विचारलं. ते काही त्याला सांगता येईना. "मगे आजून चार दिवस ठेव," म्हणून तिने पुस्तक त्याच्या हातात परत दिलं.

मी हसून सुनेला म्हटलं, "तुझी सासू नियम मोडते." ती लाजली. "वाचकांची तक्रार नाय, बाई. उलट माका विचारतत, म्हातारी कधी बसतली?"

सासू घरी गेल्यावर तिने कपाटाच्या तळातून शाळेची दोनशे पानी वही काढली. मला द्यावी की नाही, असं तिचं चाललं होतं. मी हात पुढे केला. वहीत तिने वर्षानुवर्षं बघितलेलं लिहून ठेवलं होतं, मालवणीत, पेन्सिलीने. त्यात एक डिझेल इंजिनच्या दुरुस्तीचं पुस्तक होतं, जे वाचनालयाबाहेर देत नाहीत. देवघेवीच्या वहीत त्याची एकही नोंद नाही, म्हणजे माझ्या हिशेबाने ते कुणी वाचत नाही. तिने पुस्तकच माझ्यासमोर उघडलं. चार-पाच पानं काळ्या तेलकट बोटांनी इतकी माखलेली होती की अक्षर दिसायला पान उजेडात धरावं लागलं. होडीवाले येतात, उभ्यानेच पान बघतात, पुटपुटत पाठ करतात आणि जातात.

उलट कोशाचे दोन जाड खंड दर पंधरा दिवसांनी न चुकता नव्याने नोंदले गेले होते. वाडीतले एक निवृत्त गुरुजी ते नेतात. ही सत्यनारायणाचा प्रसाद द्यायला त्यांच्या घरी गेली तेव्हा तिला ते खंड दिसले, पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली. गुरुजींना पित्ताचा त्रास, डॉक्टरांनी उसं उंच करायला सांगितलेलं. माणूस सचोटीचा, म्हणून दर पंधरवड्याला मुदत वाढवून घेतो.

मी खूप हसले, आणि मग मला आठवलं. माझ्या प्रबंधासाठी मी ज्या वाचनालयांच्या वह्या उतरवल्या होत्या त्यांत हेही एक होतं. आणि किनारपट्टीवरच्या वाचकांच्या कोशप्रेमावर माझ्या प्रबंधात एक अख्खा परिच्छेद आहे. गुरुजींचं पित्त किती जुनं, असं मी विचारलं. ती म्हणाली, मी या वाडीत लग्न होऊन यायच्या आधीपासूनचं.

"हे तू मला का नाही दाखवलंस?"

"तुमी विषय दिलेलो, बाई."

त्या दिवशी खिडकीशी बसून आम्ही तिचा विषय बदलला. नोंद आणि वाचन यांतलं अंतर. नोंदीत न येणारं वाचन कसं ओळखायचं आणि न वाचता होणारी नोंद कशी ओळखायची. नंतर तीन आठवडे ती भराभर लिहीत होती. तिच्या हातून वाक्यं अशी यायला लागली की मीच चकित. ती मराठीत लिहायची, मी शास्त्राची भाषा तपासायचे. माझ्या नोकरीतले ते फार चांगले दिवस होते.

आणि मग मी एक हलकटपणा केला. तो सांगायलाच हवा, नाहीतर बाकी सांगण्यात अर्थ नाही. तिच्या मसुद्यात आधीच्या संशोधनाचा आढावा होता आणि त्यात एक परिच्छेद माझ्या प्रबंधावर होता. सभ्य, मोजक्या शब्दांत. त्यात म्हटलं होतं की देवघेवीचे आकडे हा वाचनाचा पुरावा धरल्यामुळे तिथले निष्कर्ष तपासून घ्यावे लागतील. मी पेन्सिलने त्यावर तिरकी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, अनावश्यक. मी दोन वर्षांत निवृत्त होणार होते. समितीतले दोघं माझे ओळखीचे. त्यांच्यासमोर माझ्याच विद्यार्थिनीने माझा प्रबंध मोडीत काढावा, हे मला झेपत नव्हतं. कारणं मी स्वतःला वेगळी सांगितली, मसुदा लांबतो वगैरे.

ती म्हणाली, "होय बाई." परिच्छेद निघून गेला. मला त्या "होय बाई"चा आवाज तेव्हाच खटकायला हवा होता.

समितीपुढे ती निळी साडी नेसून उभी राहिली. मार्गदर्शक म्हणून मी बाजूच्या खुर्चीवर. प्रमाण मराठीत, न अडखळता तिने दहा मिनिटं मांडणी केली. तेलकट पानांचा फोटो दाखवला. मग समितीतले सर्वांत ज्येष्ठ सर चष्मा पुसत म्हणाले, "छान आहे. पण तुमच्या मार्गदर्शकांच्या प्रबंधात देवघेव म्हणजेच वाचन असं गृहीत धरलंय. तुमचा विषय थेट त्याच्या विरोधात जातो, आणि तुमच्या आढाव्यात त्याचा उल्लेखच नाही. तुम्ही तो वाचला नाही, की वाचून गप्प बसलात?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग टेबलाकडे. सर थांबले, मग समोरच्या कागदावर काहीतरी टिपायला लागले. काय टिपत असतील हे मला कळत होतं, तिथे बसलेल्या प्रत्येकालाच कळत होतं. तिची नोंदणी माझ्या पेन्सिलच्या एका रेघेखाली जात होती आणि ती ते होऊ देत होती, कारण बाईंनी रेघ मारली होती.

माझ्या तोंडून मालवणी निघालं. त्या खोलीत, साहेबलोकांसमोर.

"सांग गो," मी म्हटलं. "तो परिच्छेद मीया खोडलंय. त्येंका सगळा सांग. नववो लेख पण सांग."

ती सरांकडे वळली. मग म्हणाली, "बाईंच्या प्रबंधात परत आलेली पुस्तकं मोजली आहेत, सर. वाचलेली मोजली नाहीत. त्यात माझ्या वाचनालयातले दोन खंड आहेत, ते पलंगाखाली होते."

इतक्या वर्षांचं काम तीन वाक्यांत गेलं, हे खोटं कशाला सांगू, लागलं मला. आणि त्याच वेळी मला तिचा इतका अभिमान वाटला की मी पदराला हात पुसत बसले.

मग तिने आंब्याच्या कलमांची गोष्ट सांगितली. समिती पोट धरून हसली. तिने पुराव्यासाठी माझ्याकडून मागून ठेवलेला नववा लेख पिशवीतून काढला, पाकिटातलं कार्ड काढून सरांच्या पुढ्यात ठेवलं. "हा लेख आठ वेळा परत आल्याची नोंद आहे. वाचल्याच्या सह्या सात आहेत. त्या सातांपैकी एकानेही ही चार पानं चुकीची असल्याचं कळवलेलं नाही. म्हणजे नोंदीवरून वाचन कळत नाही. आमच्या शास्त्रातच कळत नाही, तर गावातलं कुठून कळणार?"

सरांनी कार्ड हातात घेऊन नीट बघितलं. "आठवी ओळ कुणाची? तारीख आहे, सही नाही."

"माझी."

"तुम्ही तर वाचला होता ना? तीन वेळा. मग सही का नाही केलीत?"

मी मान पुढे काढून बघितलं. खरंच, तिच्या नावापुढे शेवटचा रकाना कोरा होता. लेख परत आला त्या दिवशी मी ते कार्ड हातात घेतलं होतं. अर्जाच्या दिवशी पुन्हा घेतलं होतं आणि वरच्या सात खोट्या सह्या मोजल्या होत्या. आठवी ओळ मी दोन्ही वेळा तारखेपर्यंतच वाचली होती.

"वाचला होता, पण कळला नव्हता, सर," ती म्हणाली. "म्हणून रकाना कोरा ठेवला. मला वाटलं, बाई विचारतील."

यावर कुणी हसलं नाही. सरांनी कार्ड पाकिटात घातलं, लेख तिच्याकडे न देता माझ्याकडे दिला, आणि नोंदणी कायम करावी असं लिहून खाली सही केली.

परतताना दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या गाडीला आम्ही समोरासमोर बसलो होतो. ती डब्यातून घावणे काढत होती. पनवेल सुटल्यावर मी म्हटलं, "आता इचारतंय. तुका काय काय कळूक नाय ता सांग."

तिने डबा बाजूला ठेवला आणि पहिल्या लेखापासून सुरुवात केली. कणकवली आलं, आम्ही पिशव्या घेऊन दाराशी उभ्या राहिलो, तेव्हा ती चौथ्या लेखावर होती.